तंतोतंत

माणसाला टोपणनाव पडतं ते सहसा त्याच्या खोडीवरून. मात्राकाकांना पडलं ते त्यांच्या गुणावरून, तरी ते नाव त्यांना कधी मानवलं नाही. कारण असं, की ‘मात्राकाका’ या शब्दात मात्रा एकही नाही. चार अक्षरं, चार काने. “ठेवायचंच होतं तर ‘कानाकाका’ ठेवायचं,” हे त्यांनी इमारतीतल्या प्रत्येकाला निदान एकदा समजावून सांगितलं होतं, आणि समजावून झाल्यावर समोरचा माणूस “अगदी बरोबर, मात्राकाका” म्हणून जिना चढून गेला होता.

अडतीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. हातात लाल पेन्सिल, नाकावर चष्मा आणि समोर ओला कागद. पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर शेवटी एक चिटोरं चिकटवतात, ‘अमुक असे छापले आहे तेथे तमुक असे वाचावे’. त्याला शुद्धिपत्र म्हणतात. काकांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला असं चिटोरं लागलं नव्हतं. शुद्धिपत्र असलेलं पुस्तक हातात आलं, तर ते त्याच्याकडे शेजाऱ्याच्या घरातल्या गळक्या नळाकडे बघावं तसे बघत. वाईट वाटायचं, पण आतून बरंही वाटायचं.

निवृत्त झाल्यावर मात्र पंचाईत झाली. निवृत्त माणसाला घरात जागा असते, पण ती सदैव कुणाच्या तरी केरसुणीच्या वाटेत असते. काका खुर्चीत बसले की काकूंना नेमकं खुर्चीखालचं झाडायचं असे. खिडकीत उभे राहिले की पडदे धुवायचे असत. शेवटी इमारतीच्या तळमजल्यावरच्या वाचनखोलीने त्यांना आसरा दिला. चार कपाटं, एक लांब टेबल, समुद्राचा निळा रंग बोटांनी पुसून गेलेला पृथ्वीचा गोल, आणि घोड्याच्या जागी कोटाचं बटण ठेवलेला बुद्धिबळाचा संच. रोज सकाळी नऊला काका किल्ली घेऊन खाली उतरत, वर्तमानपत्रांच्या घड्या मोडत, त्यातल्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करत आणि मगच ती लोकांना वाचू देत. खालच्या त्या खोलीत ते कुणाचे नवरे नव्हते, कुणाचे सासरे नव्हते. तिथले होते. सात वर्षं हे असं चाललं होतं, नदीचं पाणी नदीतून जावं तसं.

आणि मग ते पत्र आलं.

इमारतीची नियमावली जुनी होती, टंकलेखन यंत्रावर बडवलेली, घडीवर हात लावला तर पापुद्रा निघावा इतकी पिवळी. कचेरीने कळवलं, की तिची संगणकावर केलेली स्वच्छ नवी प्रत शुक्रवारपर्यंत सादर करावी, आणि सोबत एका जबाबदार इसमाचा दाखला जोडावा, की दोन्ही प्रती डोळ्यांखालून घातल्या असता तंतोतंत सारख्या आढळल्या. पानं चोवीस, नियम एकसष्ट. नवी प्रत अध्यक्षांनी कोपऱ्यावरच्या टंकलेखकाकडून करून घेतली. राहिला जबाबदार इसम.

“काका असताना दुसरं नाव कशाला?” अध्यक्ष सभेत म्हणाले. “त्यांच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही.”

“मुंगीवर अनुस्वार असतो,” तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर म्हणाले, “म्हणून सुटत नाही.”

सगळे हसले. काका हसले नाहीत, पण त्यांच्या छातीत काहीतरी फुललं. सात वर्षांनी कुणीतरी त्यांना काम दिलं होतं. त्यांनी दोन्ही प्रती छातीशी धरून वर नेल्या, नव्या सुनेने तांब्या न्यावा तशा, हिंदकळू न देता.

पहिला सल्ला जिन्यातच भेटला. “एकेक वाचत बसू नका,” इंजिनिअर म्हणाले. “आमच्यात नकाशे कसे जुळवतात? एकावर एक ठेवायचे आणि काचेवर धरायचे. उजेड पलीकडून आला की फरक आपोआप दिसतो. दहा मिनिटांचं काम.”

काकांनी पहिलं जुनं पान आणि पहिलं नवं पान एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर दोन्ही हातांनी दाबून धरलं. यंत्राचं अक्षर रुंद, संगणकाचं सडपातळ. पहिल्या ओळीतच दोघांची चाल बिघडली आणि तिसऱ्या ओळीपर्यंत असं गचपण झालं, की नियमावली कुठल्या तरी बुडालेल्या राज्याची वाटू लागली. तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या आजी खिडकीत आल्या. हात वर करून उभा असलेला माणूस बघून त्यांनीही हात हलवला. काकांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. आजींना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी खिडकी लावून घेतली.

दुसरा सल्ला दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंचा. “अक्षरं मोजा काका. दोन्हीकडची बेरीज सारखी आली की प्रत सारखी. गणित खोटं बोलत नाही.” बाई मदतीलाही बसल्या. पाचव्या पानाची काकांची बेरीज आली नऊशे बारा, बाईंची आठशे सत्त्याण्णव. पुन्हा मोजलं. काका नऊशे बारा, बाई आठशे चौऱ्याण्णव.

“जोडाक्षर तुम्ही किती धरता?” बाईंनी विचारलं.

“दोन. ‘क्ष’ म्हणजे क आणि ष.”

“मी एक धरते. दिसतं एक.”

“दिसण्यावर जाऊ नका बाई. दिसायला तर नवरा-बायकोसुद्धा मतदार यादीत दोन दिसतात.”

“मग ‘ज्ञ’?”

‘ज्ञ’ वर दोघंही थांबले. ‘ज्ञ’ मध्ये नेमकं काय काय आहे याचा उच्चार करून बघता बघता बाईंच्या शाळेची वेळ झाली, आणि त्या “ज्ञानाचं हे असंच असतं” म्हणत गेल्या.

हे सगळं काकू लसूण सोलत ऐकत होत्या. काकूंकडे त्यांच्या आईकडून आलेल्या ओव्यांचा साठा होता, आणि तो कमी पडला तर त्या स्वतः पाडत. लसणाच्या पाकळीचं साल उडवत त्या म्हणाल्या,

“डोळा सांगे कानाला, माझी धाव डोंगरावर
कान सांगे डोळ्याला, तुला दिसेना तुझं घर.”

“याचा इथे काय संबंध?” काका म्हणाले.

“काही नाही. मी म्हणत होते, मी मोठ्यानं वाचते, तुम्ही दुसऱ्या प्रतीत बघा. एकानं वाचायचं, एकानं बघायचं. तुमच्या छापखान्यात करायचे ना असं?”

“नवशिके करायचे,” काका म्हणाले. “अगं, तुला स्वल्पविराम वाचता येणार आहे का? जिथे दम लागेल तिथे थांबशील तू.”

काकूंनी पुढची पाकळी घेतली. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं स्वल्पविरामापेक्षा बरंच लांब होतं.

मग काकांनी आपल्या पद्धतीने काम मांडलं. डावीकडे जुनी प्रत, उजवीकडे नवी, मधे पट्टी. चार पानं झाली, आठ झाली. तेवढ्यात कुणीतरी पंखा लावला (काका म्हणतात काकूंनी, काकू म्हणतात काकांनी) आणि अठ्ठेचाळीस पानं खोलीभर उडाली. गोळा केली, लावली, पुन्हा सुरू केलं. पान अकरावर एक शब्द जुळेना. जुनं पान पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होतं, नवं मांजरं पाळण्याबद्दल. एक ओळ नाही, एक विराम नाही. तासभर काकांनी एकेक फरक कागदावर उतरवला. एकशे छप्पन्न भरले. ती यादी घेऊन ते तरातरा अध्यक्षांच्या दारात गेले.

“टंकलेखकानं आपली नियमावली बदलून दुसऱ्याच इमारतीची घातलीय,” ते म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा लावला, दोन्ही पानं पाहिली आणि अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं विचारलं, “काका, हे अकरा आणि हे बारा, असं नाही ना झालं?”

तसंच झालं होतं. परतीच्या जिन्याच्या पायऱ्या त्या दिवशी काकांना नेहमीपेक्षा जास्त लागल्या.

मान एकदा दुखावला की माणूस हट्टाला पेटतो, आणि हट्टाला पेटलेल्या मुद्रितशोधकाचा हात आपोआप चालतो. गुरुवारी दुपारी काकूंनी डोकावून पाहिलं, तर काकांच्या समोरची जुनी प्रत लालेलाल झालेली. यंत्रावर बडवणाऱ्या त्या जुन्या माणसाने ऱ्हस्व-दीर्घाचा नुसता बाजार उठवला होता, आणि काकांनी तो एकटाकी आवरला होता. त्रेचाळीस चुका.

“अहो,” काकू म्हणाल्या, “पण ही मूळ प्रत ना?”

काकांचा हात हवेत थांबला.

“म्हणजे नवीला हिच्यासारखं करायचं, का हिला नवीसारखं?”

खरं तर प्रश्न साधा होता. पण काका त्याच्याकडे बघत राहिले. आता मूळ प्रत शुद्ध झाली होती आणि नवी प्रत अशुद्ध मुळाशी प्रामाणिक होती. सारखं करायचं तर एकतर नवीत त्रेचाळीस सुधारणा, नाहीतर जुनीत त्रेचाळीस चुका परत. आयुष्यात प्रथमच त्यांच्या हाती खोडरबर आलं ते बरोबर असलेलं खोडायला. काकूंनी एक रबर घेतलं, काकांनी एक. दिवेलागणीपर्यंत दोघं शुद्ध मराठी पुसत बसले.

त्यातून एक शब्द मात्र काकांनी नव्या प्रतीत बदलून घेतलाच. नियम क्रमांक सतरा. हा त्यांच्या खोलीचा नियम. त्यांना तो पाठ होता, रोज दारावरच्या पाटीवर वाचून वाचून ओठांवर बसलेला: ‘तळमजल्यावरील खोली सभासदांच्या वाचनासाठी राखीव राहील.’ नव्या प्रतीत टंकलेखकाने ‘राहिल’ केलं होतं, ऱ्हस्व. स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर घाण दिसावी तसं त्यांना झालं. तडक कोपऱ्यावर जाऊन, टंकलेखकाच्या मानेवर उभं राहून त्यांनी ती वेलांटी दीर्घ करून घेतली. “हाच एक फरक होता,” ते अध्यक्षांना म्हणाले. “बाकी तंतोतंत.”

शुक्रवारी कचेरीत कारकुनाने दोन्ही प्रती घेतल्या, दाखला घेतला, आणि काकांना म्हणाला, “सही जुळत नाही.”

“कशाशी?”

“तुमच्याच सहीशी. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या अर्जावर केली होती ती.” त्याने ती फाईल काढून दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. “या सहीचं शेपूट वर गेलंय. त्या सहीचं खाली.”

काकांनी नीट पाहिलं. खरोखर, दोन वर्षांपूर्वीचे ते आणि आताचे ते तंतोतंत सारखे आढळत नव्हते. त्यांनी शेपूट खाली घेऊन पुन्हा सही केली. आता डोकं जुळेना. तिसऱ्यांदा जुन्या सहीत बघून बघून केली, शाळेत शेजाऱ्याची पाटी बघून गणित करावं तशी. “ही चालेल,” कारकून म्हणाला. “आधीच अशी मनापासून करायची.” आणि त्याने जुन्या नियमावलीवर ‘रद्द’ असा शिक्का मारला.

सोमवारी सकाळी नऊला काका किल्ली घेऊन खाली उतरले. खोली उघडीच होती. दारावरची पाटी उतरवलेली, टेबल भिंतीला लावलेलं, पृथ्वीचा गोल कपाटावर चढवलेला, आणि मधोमध, लायब्ररीत एखादा नवा सभासद संकोचून उभा राहावा तशी, अध्यक्षांची राखाडी स्कूटर.

काकांनी आधी चष्मा पुसला. मग दारावरचा क्रमांक बघितला. मग परत स्कूटर बघितली.

“पाटीच्या खिळ्याला स्कूटरची किल्ली अडकवून ठेवलीय,” मागून अध्यक्ष म्हणाले, “कुणाला बाजूला सरकवायची झाली तर. बाहेर मांजरं सीट फाडतात हो.”

“पण ही वाचनखोली आहे.”

“होती. मलाही काल सूचनाफलकावर लावताना कळलं. मी म्हणत नाही काका, नियम म्हणतो. सतरा.” आणि त्यांनी फलकावरच्या नव्या प्रतीवर बोट ठेवलं.

काकांनी वाचलं. “‘तळमजल्यावरील खोली सभासदांच्या वाचनासाठी राखीव राहील.’ मग? मी काय वेगळं म्हणतोय?”

“नीट वाचा.”

“‘वाचनासाठी राखीव राहील.’ वेलांटी दीर्घ. मीच केली.”

“काका, वेलांटीच्या अलीकडे बघा.”

“‘राखीव.’”

“त्याच्याही अलीकडे.”

काकांनी बघितलं. पुन्हा बघितलं. पाठ असलेली ओळ माणूस वाचत नाही, ती त्याला आठवते. आणि त्यांना ती सात वर्षांची आठवत होती, जशीच्या तशी. जिन्यात गर्दी जमली. इंजिनिअरांनी काचेचा उपाय पुन्हा सुचवला. शेवटी कुणीतरी काकूंना बोलावलं. त्या ओल्या हातांनी आल्या, फलकासमोर उभ्या राहिल्या आणि पहिलीच्या मुलीसारखं एकेक अक्षर सुटं करत मोठ्यानं वाचू लागल्या. “वा. ह. ना. सा. ठी.”

जिन्यातली गर्दी फलकाकडे सरकली.

“ह?” काका म्हणाले.

“ह,” काकू म्हणाल्या. “हत्तीचा.”

अडतीस वर्षं वाचन केलेल्या माणसाच्या नजरेसमोरून वाचनाचं वाहन झालं होतं आणि त्यांनी त्याच्या शेजारची वेलांटी पुसून लखलखीत केली होती. तशातही त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य गेलं ते असं: “वाहनांसाठी असेल तर ‘ना’ वर अनुस्वार हवा.”

“एकवचन आहे,” अध्यक्ष म्हणाले. “एकच वाहन. माझं.”

काका कचेरीत गेले. कारकुनाने रद्द झालेली प्रत काढून दाखवली. तिच्यात ‘वाचनासाठी’ ठसठशीत होतं.

“मग हीच खरी ना?”

“खरी आहे,” कारकून म्हणाला. “पण रद्द आहे. चालू आहे ती नवी, ती चुकीची आहे. बदलायची तर सोपं आहे. अध्यक्षांच्या सहीचा अर्ज आणा, आणि सोबत तुमचं पत्र, की तुलना करणाऱ्याकडून चूक झाली.”

“टंकलेखकाकडून.”

“त्यानं कुठे दाखला दिलाय? दाखला तुमचा.”

म्हणजे दोन सह्या हव्या होत्या, आणि दोन्ही अशक्य. अध्यक्ष सही करणार नव्हते, कारण स्कूटरला छप्पर मिळालं होतं. आणि काकांना लिहायचं होतं ते दुसरं तिसरं काही नव्हतं, शुद्धिपत्र होतं. स्वतःचं.

दोन दिवस काका खिडकीत बसून राहिले. शेजारी समाचाराला यावेत तसे येऊन गेले. इंजिनिअर म्हणाले, “मी तेव्हाच सांगत होतो, काच मोठी हवी.” गणिताच्या बाई म्हणाल्या, “विशेष म्हणजे अक्षरं दोन्हीकडे सारखीच भरतात हो. मोजूनही सापडलं नसतं,” आणि हे सांत्वन होतं. नऊ वाजले की काकांचा हात खिशातल्या किल्लीकडे जाई आणि तसाच परत येई. काकूंनी ते पाहिलं. त्यांनी खुर्चीखालचं झाडायचं सोडून दिलं. एरवी घरात बसलेल्या नवऱ्याचा त्यांना वैताग यायचा. पण हा घरात बसलेला नव्हता, घरात ठेवलेला होता.

तिसऱ्या दिवशी लसूण सोलता सोलता त्यांनी नियम सतराची नक्कल पुढ्यात घेतली आणि पुढचं मोठ्यानं वाचायला लागल्या. “‘खोलीतील कोणतीही वस्तू कोणाही सभासदास, नोंदवहीत नोंद करून, आठ दिवसांकरिता घरी नेता येईल. वस्तू परत येईपर्यंत इतरांनी आपला नंबर लावावा. खोलीत मोठा आवाज करू नये.’ अहो, हे बदललं नाही वाटतं?”

“ते कशाला बदलेल? गोल, बुद्धिबळ, नकाशे, सगळ्याला धरून ‘वस्तू’ लिहिलंय ते.”

“कोणतीही?”

“कोणतीही.”

काकूंनी लसूण बाजूला ठेवला. “दुसऱ्या मजल्यावर जाऊन येते,” त्या म्हणाल्या.

गणिताच्या बाई स्कूटर शिकल्या होत्या, त्यांच्याकडे परवाना होता, आणि शाळेची बस त्यांना रोज एक थांबा आधी सोडायची. दुपारी त्या आणि काकू खाली आल्या. नोंदवहीत ‘पृथ्वीचा गोल’ या नोंदीखाली बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘स्कूटर, राखाडी, एक. मुदत आठ दिवस.’ खिळ्याची किल्ली काढली. खोलीत मोठा आवाज करायचा नाही म्हणून दोघींनी ती ढकलत दारापर्यंत नेली, आणि दाराबाहेर गेल्यावर सुरू केली.

संध्याकाळी अध्यक्ष काकांच्या दारात उभे होते. “माझी स्कूटर खोलीत नाही.”

काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. काकूंनी त्यांच्या हातात नोंदवही दिली. त्यांनी नोंद वाचली. पुन्हा वाचली. यावेळी शब्द तेच होते, अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला. पण अर्थ शिरला तसं सात वर्षं वाचनखोली सांभाळलेलं त्यांचं अंग जागं झालं. पाठ ताठ झाली, चष्मा खाली आला.

“सभासदानं नेलीय,” ते म्हणाले. “रीतसर.”

“माझी आहे ती.”

“खोलीत ठेवलेली वस्तू खोलीची असते. मी म्हणत नाही, नियम म्हणतो.”

“मग मला द्या, मीही सभासद आहे.”

“अवश्य. नंबर लावा.” काकांनी पान उलटलं. “बाईंनंतर इंजिनिअर आहेत. मग पहिल्या मजल्यावरचे दोघं भाऊ, आठ-आठ दिवस वेगळे. मग समोरच्या घराच्या सूनबाई, त्या नवीन शिकतायत. तुमचा नंबर...” त्यांनी बोटांवर मोजलं, “सहावा. साधारण सव्वा महिना. ‘वस्तू’ मधला ‘तू’ दीर्घ लिहा.”

अध्यक्ष काकांकडे बघत राहिले, मग काकूंकडे. काकू लसूण सोलत होत्या.

“सूनबाई नवीन शिकतायत?” त्यांनी विचारलं.

“वळताना अजून जरा अडखळतात,” काकू म्हणाल्या. “येईल हळूहळू.”

अध्यक्षांनी दारातच उभ्याने अर्जावर सही केली.

म्हणजे एक सही झाली. उरली दुसरी, आणि ती कुणालाही ढकलत दाराबाहेर नेता येणार नव्हती. काका कोरा कागद घेऊन टेबलाशी बसले. ‘टंकलेखनातील दोषामुळे’ असं लिहून खोडलं. ‘अनवधानाने’ लिहिलं, चांगला शब्द होता, त्याआड लपायला भरपूर जागा होती. तोही खोडला. बऱ्याच वेळाने त्यांनी चार ओळी कच्च्या लिहिल्या, नव्या कागदावर त्या पक्क्या उतरवल्या, आणि तो उचलून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

“वाच,” ते म्हणाले.

“मी?”

“मोठ्यानं वाच. मी माझ्या कच्च्यात बघतो.”

काकूंनी हात पदराला पुसले. कागद उजेडात धरला. जिथे दम लागेल तिथे थांबत त्या वाचू लागल्या, “शुद्धीपत्र. नियम क्रमांक सतरामध्ये ‘वाहनासाठी’ असे छापले आहे तेथे, ‘वाचनासाठी’ असे वाचावे. चूक तपासणाऱ्याची आहे. म्हणजे, माझी.”

काकांनी मान हलवली. स्वल्पविराम सगळे आपापल्या जागी पडले होते.

“झालं?” काकूंनी विचारलं.

“झालं. फक्त पहिला शब्द जरा लांबवलास तू.”

“लिहिलाय तसा वाचला.”

काकांनी कागद घेतला. ‘शुद्धीपत्र.’ धी दीर्घ, भली मोठी वेलांटी, त्यांच्याच हातची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेकडो कागदांवर त्यांनी ती ऱ्हस्व केली होती. ते तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, कात्री द्यावी तशी टोक आपल्याकडे करून काकूंपुढे धरली.

“तूच कर.”

काकूंनी पेन्सिल घेतली. लसणाच्या वासाच्या हाताने दीर्घ वेलांटी खोडली, अलीकडच्या बाजूला ऱ्हस्व काढली. ती जराशी जाड झाली, शेंडा वाकडा गेला आणि वरच्या ओळीला टेकला.

“आली का बरोबर?”

“तंतोतंत,” काका म्हणाले, कागदाकडे न बघता.